बा च्यानलाच्या म्हाराजा

आमच्या टीव्हीचा आवाज खाऱ्या वाऱ्याने खाल्ला. चित्र ठणठणीत, आवाज शून्य. मालवणच्या दुकानदाराने मागचं झाकण उघडून आतल्या गंजलेल्या तारा दाखवल्या आणि म्हणाला, समुद्राकाठी राहायचं तर हे असंच व्हायचं. जणू आम्ही घर बांधताना टीव्हीची परवानगी घ्यायला हवी होती. बाबा म्हणाले, "बातम्यो मी पेपरात वाचतंय. बाकी तुमका आयकूक व्हयाच कित्याक?" झालं. टीव्ही मुका झाला तो झालाच.

ही २००३ सालच्या सुमाराची गोष्ट. त्याच वर्षी वहिनी घरात आली आणि तिचाही आवाज आम्ही घालवला. ‘आम्ही’ हा शब्द मी मुद्दाम लिहिते आहे. सगळं बाबांवर ढकलून मोकळं व्हायला मला आवडलं असतं, पण मी तेव्हा एकोणीस वर्षांची घोडी होते आणि सगळं बघत होते.

वहिनी आंबोलीची. तिच्या वडिलांचं बसस्टँडसमोर चहा-भज्यांचं खोपटं. तिथल्या पावसात पत्र्याखाली बसलेल्या माणसाला शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. अशात बसच्या खिडकीतल्या गिऱ्हाइकाला हाक पोचवायची तर आवाज पोटातून काढावा लागतो. हिने लहानपणापासून तेच केलेलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिने विहिरीवरून आईला विचारलं, कुठली कळशी भरू, आणि तीन घरं पलीकडच्या काकी काय झालं म्हणून दारात आल्या. बाबांनी त्याच दिवशी फर्मान काढलं, "सुनेचो आवाज गडग्याभायर जाता नये." आमच्या घरामागच्या परड्याभोवतीचा तो दगडी गडगा कमरेएवढासुद्धा नव्हता. कोंबडी उडून पलीकडे जायची. वहिनीचा आवाज मात्र अलीकडेच राहिला.

नावाचंही तेच. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं, बाबांनी पंचांग बघून काढलेलं. ते कुणाच्या तोंडी बसलं नाही, मग सगळे तिला ‘आंबोलीची’ म्हणायला लागले. तिचं माहेरचं नाव मी लग्नपत्रिकेत वाचलं होतं. चार महिन्यांत विसरलेसुद्धा.

माझा दादा मालाच्या जहाजावर नोकरीला. लग्नानंतर वीस दिवसांनी गेला तो नऊ महिन्यांसाठी. दर्यावर वाघ आणि बाबांपुढे मांजर, असा हा गडी. जाताना एक टेपरेकॉर्डर आणि परदेशी कॅसेटी घरात ठेवून गेला.

दुपारी जेवणं आटोपून बाबा आमच्या किराणा दुकानाच्या फळीवर आडवे झाले की आम्ही दोघी टीव्ही लावायचो. तीन वाजता कार्टून लागायचं. त्यात एक जाडं अस्वल होतं आणि त्याचा जेवणाचा डबा पळवणारा एक कावळा. दोन मोठ्या बायांनी बघण्यासारखं त्यात काय होतं, असं विचाराल तर त्यात सासू-सुना नव्हत्या, एवढं एक पुरे होतं. वहिनीच्या पुढ्यात तांदळाचं सूप असायचं. नजर टीव्हीवर, बोटं खड्यांवर, आणि तोंड बंद.

एके दिवशी अस्वल कावळ्यामागे धावत कड्याच्या पुढे गेलं. हवेत चार पावलं बिनधास्त टाकली. मग खाली बघितलं आणि कोसळलं. वहिनी एकदम म्हणाली, "खाली बघूचा नाय रे मेल्या! बघलंस म्हणान पडलंस."

मी हसून लोळले. तोवर अस्वल खाली आपटून पापडासारखं चपटं झालं होतं. मग त्या पापडाला एक पाय फुटला, दुसरा फुटला, आणि पापड डुलत डुलत परत डब्याच्या शोधात निघाला. वहिनी सूप बाजूला ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. त्या दिवशीचे तांदूळ खड्यासकट शिजले आणि बाबांची दाढ दुखावली. मला त्याचं अजूनही वाईट वाटत नाही.

मुका टीव्ही ही फार सोयीची वस्तू आहे हे आम्हाला तेव्हा कळलं. वहिनी अस्वल झाली, मी कावळा झाले. पडद्यावर ती दोघं तोंड हलवायची आणि आम्ही त्यांच्या तोंडी मालवणी घालायचो. "माजो डबो दी रे, काळतोंड्या!" "तुज्या पोटात आधीच तीन डबे आसत, चवथो खंय ठेवतलंस?" रोज एवढं भांडल्यावर बोलणं आपोआप ठेक्यात यायला लागलं. वहिनी रॉकेलचा रिकामा डबा गुडघ्यात धरून वाजवायची. हळू वाजवायची, कारण गडगा होताच.

मग एकदा मी दादाची कॅसेट लावली. अमेरिकेतली पोरं तावातावाने बोलत होती. गाणं म्हणावं तर चाल नाही, भाषण म्हणावं तर मागे ठेका. दादा त्याला हिप-हॉप म्हणायचा. आम्हाला एक शब्द कळत नव्हता. वहिनीने डोळे मिटून अर्धी बाजू ऐकली आणि म्हणाली, "वन्सं, ह्ये गाऱ्हाणां घालतत गो."

"कसला गाऱ्हाणां?"

"आयक मगे. एकटो मागता, मागसून बाकीचे व्हय म्हणतत. मामा देवळात घालतत तसाच. फक्त ह्यांचो देव जरा भायरो दिसता."

मामा म्हणजे बाबा, तिचे सासरे. आणि तिचं खरं होतं. आमच्याकडे लग्न असो, नवी होडी असो, नाहीतर जत्रा असो, वाडीतला मानकरी आधी देवापुढे उभा राहतो आणि सगळ्यांच्या वतीने ठणकावून मागणं मागतो. त्याची एक ओळ झाली की जमलेले सगळे ओरडतात, "व्हय म्हाराजा!" हे गाऱ्हाणं. आमच्या वाडीत ते घालण्याचा मान बाबांचा होता. घरात ते चार शब्दांत बोलत, पण गाऱ्हाणं घालताना त्यांचा आवाज ऐकून अंगावर काटा यायचा. हेही मला कबूल करायला हवं.

आणि त्या मागण्याचा एक नियम होता, तोही बाबांच्याच तोंडचा. आदल्या वर्षी एका गरीब शेजाऱ्याने विहिरीकडे जायला वाट मिळावी म्हणून बाबांकडून गाऱ्हाणं घालून घेतलं. जागेचा मालक समोरच होता. सगळ्यांबरोबर तोही सवयीने "व्हय म्हाराजा" म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी कुंपण घालायला आला. बाबांनी त्याला भर रस्त्यात सुनावलं, "देवळात व्हय म्हटलेला परत घेवक येणा नाय." वाट आजही आहे. मला तेव्हा बाबांचा अभिमान वाटला होता.

तर आम्ही अस्वलाचं गाऱ्हाणं बांधलं. शब्द वहिनीचे, व्हय म्हणायचं काम माझं. चुलीपाशी तालीम चालली असताना एकदा आई मागे येऊन उभी राहिली. आता बोलणी बसणार म्हणून आम्ही गप्प झालो. आई वाडीतली एक नंबरची फुगडी घालणारी. आमच्या बायका फुगडीत श्वास ठेक्यात सोडून तोंडाने ‘फू’ वाजवतात, त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती म्हणाली, "डबो वाजवतास तो ठीक आसा. पण मधी मधी रिकामा वाटता." आणि खोबरं किसता किसता ‘फू, फू, फुफू’ सुरू केलं. दादाच्या कॅसेटीतल्या पोरांनी ऐकलं असतं तर विळीपुढे हात जोडून बसली असती.

इथवर सगळी गंमतच होती. एका दुपारी वहिनीने डबा वाजवता वाजवता मधेच थांबून विचारलं, "वन्सं, तुका कॉलेजाक कोणी जावक दिल्यान?"

"बाबांनी."

"मगे माका कोण देतलो?"

ती दहावी पहिल्या वर्गात पास होती. पुढे शिकायचं होतं, पण स्थळ आलं आणि शिक्षण तिथेच थांबलं. मी रोज वही घेऊन बसने कॉलेजात जात होते, आणि माझ्या डब्यातली भाकरी ती भाजत होती. हे मला तोवर दिसलंच नव्हतं असं नाही, फक्त विचारायला कुणी आलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या कचेरीत चौकशी केली. बाहेरून बारावीला बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, आणि त्याला शाळा सोडल्याचा मूळ दाखला जोडायचा. तिचा दाखला रेशनकार्डावर नाव चढवण्यासाठी म्हणून बाबांनी मागून घेतला होता. तो त्यांच्या लोखंडी कपाटात होता आणि कपाटाची चावी त्यांच्या कमरेच्या करगोट्याला.

वहिनीने स्वतः विचारलं, डोक्यावर पदर घेऊन, गडग्याच्या आतल्या आवाजात. बाबा म्हणाले, "ह्या घरातली सून दप्तर घेवन एष्टीत बसणा नाय." दादाचा कुठल्याशा बंदरातून फोन आला तेव्हा मी त्यालाही सांगितलं. समुद्रापलीकडून वाघ म्हणाला, "बाबा म्हणतत तसा करा." मी बाबांशी वाद घालायला गेले. "जास्त बोललंस तर तुजाय कॉलेज बंद," ते म्हणाले. मी गप्प बसले. माझं कॉलेज वाचलं. त्या रात्री वहिनीने वाढलेलं मी निमूट गिळलं.

गणपती आले. पाचव्या दिवशी दुपारी देवळाच्या सभामंडपात वाडीतल्या बायकांच्या फुगड्या असायच्या आणि त्या वर्षी माइक आणला होता. फॉर्मची मुदत संपायला पाच दिवस उरले होते. आम्ही तिघींनी ‘फुगडी आणि गाणे’ म्हणून नाव दिलं. बाबांना डब्याची कुणकुण लागली होती. सकाळीच बजावलं, "देवाच्या गाऱ्हाण्याची थट्टा केलात तर खबरदार. बाईमाणसान गाऱ्हाणां घालूची पद्धत नाय." आई म्हणाली, "फुगडेच घालतलव." आई खोटं बोलताना कधी पापणी हलवत नाही.

पुढच्या ओळीत खुर्च्यांवर मानकरी. मधोमध बाबा, हाताची घडी घालून. शेजारी वाडीतले सगळ्यात म्हातारे आजोबा. त्यांना कमी ऐकू यायचं, पण बाबांच्या प्रत्येक गाऱ्हाण्याला पहिलं व्हय त्यांचं असायचं. नक्की काय मागितलं हे त्यांना कळत नसे. बोलणाऱ्याचा आवाज चढून थांबला की ते म्हणत.

आईने ‘फू’ धरली. मी डबा घेतला, या वेळी जोरात. वहिनी माइकपुढे उभी राहिली. माइक तिने बाजूला सारला. तिला त्याची गरज नव्हती.

"बा च्यानलाच्या म्हाराजा!"

माझ्या आधी आजोबाच म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

पोरं खिदळली. बाबांनी मान वळवून आजोबांकडे बघितलं, पण वहिनी थांबली नाही.

"रोज दुपारी तीन वाजता तुजा अस्वल कड्यार चढता!"

"व्हय म्हाराजा!" आता पोरंही म्हणाली.

"कावळो तेचो डबो पळयता, अस्वल मागसून धावता!"

"व्हय म्हाराजा!"

"धावता धावता कडो सपता, पायाखाली वारो गावता!"

"व्हय म्हाराजा!" मागच्या खांबाला टेकलेले बाप्येही आले.

"पडता, चेपता, पापड होता, पापडाक परत पाय फुटता! तसे आमकाय फुटांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मानकरीसुद्धा. जन्मभराची सवय ती; त्या लयीत ओळ संपली की आमच्या माणसाचं तोंड आपोआप उघडतं. मनाला विचारत बसत नाही. फक्त बाबा गप्प होते. त्यांना व्हय म्हणायची सवयच नव्हती, ऐकायची होती.

आमचं बांधलेलं गाऱ्हाणं इथे संपत होतं. मी डब्यावर शेवटची थाप मारायला हात उचलला, आणि वहिनीने नवी ओळ घेतली. ती तालमीत कधीच नव्हती.

"बा देवा म्हाराजा! आंबोलीसून एक चेडू ह्या वाडीक इला!"

"व्हय म्हाराजा!"

"धावी पास होवन इला, पोटात आवाज घेवन इला!"

"व्हय म्हाराजा!"

"तेचो दाखलो कपाटात आसा, कपाटाक कुलूप आसा!"

"व्हय म्हाराजा!" हे जरा कमी आलं. काहीजणांना कळायला लागलं होतं. मी बाबांकडे बघितलं आणि ठेका चुकले. डबा थांबला.

आईची ‘फू’ थांबली नाही. मंडपात फक्त तिचा श्वास ऐकू येत होता. ती बाबांकडे बघत नव्हती, वहिनीकडेही नव्हती. समोरच्या खांबाकडे बघत चुलीपुढे बसावं तशी वाजवत होती. वहिनी माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "खाली बघूचा नाय, वन्सं." मी परत डबा धरला.

"सतरा नंबराचो फारम भरूक पाच दिस उरले हत! तेका तो भरूक गावांदे! पडला तर पडांदे, परत उठांदे रे म्हाराजा!"

आणि आवाज चढून थांबल्याबरोबर आजोबांनी दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली, "व्हय म्हाराजा!" त्यांच्यामागून सगळा मंडप. बायकांचा आवाज त्यात सगळ्यात मोठा होता. एवढं मोठं व्हय मी बाबांच्या गाऱ्हाण्यालाही कधी ऐकलं नव्हतं.

बाबा उठले आणि चालते झाले.

घरी पोचलो तेव्हा ते पडवीत उभे होते. वहिनीकडे त्यांनी बघितलंच नाही. आईला म्हणाले, "ता गाऱ्हाणां न्हय. नाच हुतो. देवळात सर्कस केलात तुमी."

आई पायावर पाणी घेत म्हणाली, "देवळात व्हय म्हटलेला परत घेवक येणा नाय, असा कोण म्हणाललो?"

"बाईन घातलेला गाऱ्हाणां गाऱ्हाणां नाय."

"मगे इतक्या लोकांनी व्हय कोणाक म्हटल्यानी?"

बाबा आत जायला वळले. वाद अर्धा टाकून त्यांनी पाठ फिरवण्याची ती माझ्या आयुष्यातली पहिली वेळ. मला तेव्हा काय वाटलं ते लपवत नाही: आनंद झाला. भरपूर झाला. मग मी जे महिनाभर आधी बोलायला हवं होतं ते बोलले. म्हटलं, "बाबांनू, माजा कॉलेज बंद करूचा आसात तर करा. पण फारम वैनी भरतली." खाली बघितलं नाही.

बाबा न जेवता झोपले.

पुढचं आधीच सांगून टाकते. ती पहिल्या खेपेला इंग्रजीत नापास झाली. वाडीत ज्यांना हसायचं होतं ते हसले. निकालाचा कागद हातात घेऊन ती पडवीत आली आणि बाबांनी काही म्हणायच्या आत म्हणाली, "मामांनू, पडलंय खरा, पण मरूक नाय." दुसऱ्या खेपेला पास झाली. पण मला सांगायचं आहे ते याचं नाही, त्या फुगड्यांच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं.

सकाळी उठून बघितलं तर बाबा दुकानात निघून गेले होते, चहासुद्धा न घेता. मुक्या टीव्हीवर एक पिवळट कागद ठेवलेला होता, आणि तो उडू नये म्हणून वर वजनाला दुकानातलं पावशेराचं माप. त्यांच्या कपाटात कागदांचा ढीग असतो. त्यातून हा शोधायला त्यांना बराच वेळ लागला असणार.

वहिनी हात पुसत आली. माप उचलून बाजूला ठेवलं, कागद दोन्ही हातांत धरला. मी तिच्या खांद्यावरून बघत होते. शाळेचा शिक्का, जन्मतारीख, वर्तणूक चांगली. आणि सगळ्यात वर, शाईने, वळणदार अक्षरात विद्यार्थिनीचं नाव. या घरात आल्यापासून ज्या नावाने तिला कुणीही हाक मारली नव्हती, आणि जे मी विसरून गेले होते, ते.

तिने ते वाचलं. आधी मनात, मग ओठांत. मग कागद घेऊन ती परड्यात गेली, गडग्यापाशी उभी राहिली, आणि स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, पोटातून आवाज काढून, आंबोलीच्या पावसात बसच्या मागच्या खिडकीपर्यंत पोचेल असं मोठ्याने वाचलं.

तीन घरं पलीकडच्या काकी धावत दारात आल्या. "कोण गो ता? कोणाक हाक मारतंस?"

"माका," वहिनी म्हणाली.